ओल्या पंचाचे मांडे

लग्न होऊन पारोळ्याला आले तेव्हा मी मॅट्रिक झालेली होते, आणि ते अख्ख्या गल्लीला कळेल याची तजवीज मीच केली होती. एकोणीसशे सत्तरच्या आसपास सासूबाईंचा उजवा खांदा आखडला. हात अंबाड्यापर्यंत पोचेना. अंबाड्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या होत्या. मांडे कोण करणार, हा घोर. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत पार कोपरापर्यंत पसरायची आणि उलट्या खापरावर अलगद सोडायची. खांदाच अडला तर मांडा कसला!

डॉक्टरांनी सांगितलं, "रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या. सोसेल तेवढाच."

'सोसेल तेवढाच' तेवढं माझ्या कानात शिरलं नाही. मी भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि शाळेतल्या कवायतीसारखं "एक, दोन" सुरू केलं.

"भीतवर चढाले मी काय पाल शे का?" सासूबाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. त्यांचा हात धरून मी तो दोन रेघा वर ओढला. त्या ओरडल्या नाहीत, मटकन खाली बसल्या. तीन दिवस हात झोळीत होता. मॅट्रिकबाईंनी गुपचूप भिंत पुसून टाकली.

आता मांडे मलाच शिकणं भाग होतं. सासूबाईंनी सरावाला ओला पंचा दिला; पीठ नासायला त्या तयार नव्हत्या. माझ्या हातावरून तो घसरून पायावर पडला.

"हाऊ मांडा शे का पोतेरं? दे आठे!"

पंचा झेलताना त्यांचा उजवा हात छातीपर्यंत वर आला. मी मनातल्या मनात उडी मारली.

"आई, नीट दिसलं नाही. परत दाखवा ना."

मग रोज दुपारी मी ढ झाले. त्यासाठी फार कष्ट पडले नाहीत. शेजारच्या दोन म्हाताऱ्या गंमत बघायला आल्या. त्यातली एक भडगावची. "आमनाकडे अशे करतस" म्हणत तिनेही पंचा उचलला. मग दुसरीला कसं बसवेल? कुणाचा गुडघा धरलेला, कुणाची कंबर, पण दुपारचा नेम चुकेना. व्यायाम हा शब्द मी तोंडातून काढला नाही, नाहीतर तिघी उठून गेल्या असत्या.

आखाजीला सासूबाईंनी पाच मांडे खापरावर सोडले. सहावा गोळा माझ्यापुढे केला.

"मना खांदा मोकळा व्हयी गया. आते तू दखाड."

म्हणजे माझं ढोंग त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं! माझा मांडा खापरावर जाईपर्यंत दोन ठिकाणी फाटला. नणंदा फिदीफिदी हसल्या. सासूबाईंनी तोच आपल्या ताटात घेतला आणि उठून उजव्याच हाताने शिंक्यातलं तुपाचं भांडं खाली काढलं.