मधल्या फळीतला रूपेश

"आधी बघायचा, मंग बॉल घ्यायचा."

रूपेशच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. मैदानावर पोरांना शिकवताना तो ते बोलायचा, घरी जेवताना बोलायचा, कुणी लग्नाची पोरगी सुचवली तरी हसून हेच बोलायचा. बॉल आपल्याकडे येत असतो तेव्हा सगळ्यांचे डोळे बॉलवर असतात. रूपेशची मान त्या वेळी आधी डाव्या खांद्यावरून मागे जायची, मग उजव्या. कोण मोकळा आहे, कोण धावून येतोय, जागा कुठे आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात बसलेलं असायचं आणि मगच बॉल पायाला लागायचा. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की किन्हवलीच्या एसटी थांब्यावरसुद्धा तो पाण्यातल्या बगळ्यासारखी मान फिरवत उभा राहायचा. बाया हसायच्या. म्हणायच्या, "गो, लक्ष्मीच्या पोराचा कोण पाठलाग करतंय का?"

ही सवय त्याला कुठल्या कोचने लावली नाही. ती खाचरांनी लावली. आमच्याकडे भात कापून झालं की खाचरं उघडी पडतात आणि पोरं त्यात उतरतात. चारी बाजूंना बांध, मध्ये धसकटं. बॉल सरळ म्हणून जात नाही. धसकटाला लागला की भलतीकडेच उडतो. ज्याला आधी दिसतं त्यालाच तो सापडतो. जागा एवढीशी, म्हणून लांब मारायची सोय नाही. छोटा पास द्यायचा आणि सरकायचं. बौद्धवाड्यातला रूपेश, बाळाराम आणि लक्ष्मीचा मुलगा, असा खेळ शिकला.

फुटबॉलचं इकडे कुणाला कौतुक नव्हतं. शहापूर घ्या, मुरबाड घ्या, सगळीकडे क्रिकेट. पण शाळेतल्या खेळाच्या सरांनी त्याला जिल्ह्याच्या संघात नेलं, तिथून मुंबईच्या एका क्लबने उचललं, आणि विशी ओलांडेपर्यंत गोव्याच्या एका व्यावसायिक क्लबने त्याच्याशी करार केला. संघ दुसऱ्या पातळीवरचा, पण पगार महिन्याच्या महिन्याला, राहायला खोली, पाठीवर नाव. मधल्या फळीत, बचाव करणाऱ्यांच्या थोडा पुढे, त्याची जागा ठरलेली होती.

त्याचे सामने मोबाइलवर दिसायचे. वाड्यातली माणसं बाळारामच्या ओट्यावर जमायची. शेजारच्या आळीतला कुंडलिकही यायचा. दीड तास डोळे फोडून बघितल्यावर तो हमखास चिडायचा. पुढच्या वेळी रूपेश घरी आला तेव्हा कुंडलिकने त्याला धरलंच.

"काय रे, एवढा पळतोस नि गोलाजवळ आलास की बॉल दुसऱ्याला? येडा हायस का?"

"काका, माझं कामच ते. बॉल काढून घ्यायचा नि द्यायचा."

"मंग गोल मारणारा फोटोत नि तू?"

"मी फोटो काढणाऱ्याच्या मागं."

"आनि याचा तुला पगार देतात?"

"याचाच देतात."

कुंडलिकने बाळारामकडे बघितलं. "बाळाराम, तुझा पोरगा मोठा हुशार रे. आमी आयुष्यभर देत आलो, आमाला कुणी पगार नाय दिला."

बाळाराम शहापूरला एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. त्याने मुलाचा एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता. गोवा लांब, रजा मिळायची नाही, आणि मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. तो म्हणायचा, "रिटायर होऊ दे मला. मंग पहिल्या बाकड्यावर बसतो."

चौथ्या हंगामात, उन्हाळा तोंडावर असताना, रूपेशचा उजवा गुडघा गेला. कुणी लाथ मारली नाही. तो वळला, पाय जमिनीत राहिला आणि अंग फिरलं. आतली एक शीर तुटली. क्लबने मुंबईत ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सांगितलं, "पाय बरा वाटायला लागेल, तेव्हाच त्याला जास्त जपायचं. नवी शीर आत अजून कच्ची असते. तू चालशील, जिना चढशील, तुला वाटेल झालं. झालेलं नसतं." क्लबनेही शब्द दिला. हिवाळ्याच्या शिबिरात ये, गुडघा टिकला तर करार पुढे चालू.

रूपेश घरी आला. सांगितलेले व्यायाम तो न चुकता करायचा. आवणीचे, भात लावायचे दिवस आले तोवर तो बिनकाठीचा, सरळ चालत होता.

इथे सावडीचं सांगायला हवं. आवणीला माणूस पुरत नाही, म्हणून घरं एकमेकांशी सावड करतात. तुमची माणसं आमच्या खाचरात राबली, आता आमची तेवढीच माणसं तुमच्या खाचरात. मजुरी नाही, पैशाचा हिशोब नाही, हाताला हात. पण सावड होते ती बरोबरीच्या घरांत. बाळारामचा बाप दामू, त्याला पूर्वी बांधावरून नुसती हाक यायची आणि तो कामाला जायचा. त्याच्या खाचरात मात्र कुणी उतरायचं नाही. पुढे घराने बौद्ध धम्म घेतला, हाकेला ओ देणं बंद झालं, तरी सावड काही कुणी करत नव्हतं. ती केली कुंडलिकने. बाळाराम आणि तो शाळेत एका बाकावर बसलेले. आपल्या बापाची नजर चुकवून एका आवणीला कुंडलिक बायकोला घेऊन बाळारामच्या चिखलात उतरला आणि संध्याकाळी लक्ष्मीच्या हातचं जेवून गेला. तेव्हापासून त्या दोन घरांची सावड कधी मोडली नव्हती. बाळारामला आपल्या नोकरीपेक्षा तिचा अभिमान जास्त होता.

त्या वर्षी कुंडलिककडची तीन माणसं बाळारामचं खाचर लावून गेली. आता इकडची तीन जायची. लक्ष्मी, मुलगी पौर्णिमा आणि खुद्द बाळाराम. आणि नेमका बाळारामला ताप चढला. टायफॉइड निघाला. तीन दिवस अंथरुणाला खिळून होता.

सकाळी लक्ष्मी म्हणाली, "आज वाडीवरचा एखादा माणूस लावू. मजुरी आपण देऊ."

बाळाराम अंथरुणात उठून बसला. "माणूस लावून सावड फेडतात काय गो? पैसं टाकून मोकळं व्हायचं तं मंग सावड कशाला म्हनायची?"

"कुंडलिक भावजी काय बोलनार नाय."

"तो नाय बोलनार. म्हनून तं जायला पायजे."

आणि तो उठला. भिंतीला धरून उभा राहिला, खुंटीवरची जुनी पँट काढायला हात वर केला आणि तसाच थरथरत राहिला. रूपेश दारातून बघत होता. त्याने येऊन बापाला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बाबा, मी जातो."

"तुझा पाय—"

"पाय बरा हाय. लावणीला नाय वाकत मी. आवण उचलून देतो नुसता."

बाळारामने नको म्हटलं नाही. त्याने पोराकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हो होतं. तापलेल्या डोक्याला त्या घडीला एवढंच दिसलं की आपल्या घरातून तीन माणसं निघाली.

कुंडलिकने त्याला बघितल्यावर म्हटलं, "तू कशाला आलास रे? बस बांधावर, गानी लाव." पण कुंडलिकच्या खाचरात त्या दिवशी पुरुष माणूस कमी होता आणि रोपांच्या पेंढ्या राबातून, रोपं वाढवलेल्या तुकड्यातून, खालच्या खाचरात न्यायच्या होत्या. रूपेशने ओल्या पेंढ्या खांद्यावर घेतल्या. बांधावरून जपून गेला, उतरला, टाकल्या, परत आला. दुपारपर्यंत नीट चाललं. त्याला बरंही वाटत होतं. इतके महिने पाय धरून बसलेला पोरगा तो. चिखलाचा वास, बायांचा गोंगाट, पाठीवर ओझं. त्याच्या तोंडावर हसू होतं.

खालच्या खाचरात उतरताना उजवा पाय चिखलात पोटरीपर्यंत रुतला. ओझं खांद्यावर होतं आणि पौर्णिमाने हाक मारली म्हणून तो तिच्याकडे वळला. अंग वळलं. पाय वळला नाही.

तो पेंढ्यांसकट आडवा झाला. कुंडलिक धावत आला, बगलेत हात घालून त्याला उठवलं आणि हसत सुटला, "काय रे खेळाडू, चिखलात पेनल्टी घेतोस का?" बाया हसल्या. रूपेशही हसला. पौर्णिमा मात्र हसली नाही. भावाच्या ओठांचा रंग गेला होता.

घरी जाताना वाटेत तो तिला एवढंच म्हणाला, "बाबांना बोलू नको."

"दादा, डॉक्टरला तरी दाखव."

"दाखवीन. पन बाबांना नाय बोलायचा. शपथ हाय तुला."

सूज उतरली. हिवाळ्यात तो शिबिराला गेला. सरळ धावण्यात पास झाला, बॉलवरही ताबा होता. वळायचं आलं आणि गुडघा आतून निसटला. पुन्हा वळला, पुन्हा निसटला. क्लबच्या डॉक्टरांनी मशीनवर बघितलं आणि विचारलं, मधे काही झालं होतं का? रूपेश म्हणाला, घरी पडलो. त्यांनी जास्त विचारलं नाही. करार संपला. दुसऱ्यांदा ऑपरेशनचा विषय क्लबने काढला नाही आणि यानेही काढला नाही.

बापाला त्याने सांगितलं, "या वर्षी जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बोलावतील."

बाळारामने ते धरून ठेवलं. रूपेश भिवंडीकडच्या गोदामात नोकरीला लागला, तिथे दिवसभर उभं राहून खोकी मोजायची. संध्याकाळी घरी आला की बापाचा पहिला प्रश्न, "पाय कसा हाय?" याचं उत्तर, "बरा हाय." वर्ष गेलं. दुसरंही गेलं. लक्ष्मीला काय समजायचं ते समजलं होतं. पौर्णिमा तोंड मिटून होती. एकटा बाळाराम कपाटावरची रूपेशच्या खेळायच्या बुटांची जोडी अधूनमधून फडक्याने पुसून ठेवायचा.

मग तो रिटायर झाला. हार घालून, शाल घेऊन घरी आला आणि दुसऱ्याच सकाळी पोराला म्हणाला, "आता मी मोकळा. बोल, तुझी मॅच कुठं हाय? बसतो पहिल्या बाकड्यावर."

रूपेशला सांगता आलं असतं. त्या सकाळी सगळं सांगून टाकायला हरकत नव्हती. पण बाप नवा शर्ट घालून समोर उभा होता. रूपेश म्हणाला, "पुढच्या रविवारी. आपल्याकडंच हाय."

म्हसा गावच्या जत्रेहून माणसं नुकती परतली होती. किन्हवलीच्या शाळेमागच्या मैदानावर आजूबाजूच्या गावांच्या पोरांनी फुटबॉलची स्पर्धा ठेवली होती. रूपेशला ती पोरं दर वर्षी बोलवायची आणि तो दर वर्षी नाही म्हणायचा. त्याने हो म्हटलं तसं पोरांनी फटाके लावले.

पौर्णिमाने आदल्या संध्याकाळी त्याला अडवलं. "कशाला जातोस? पाय राहील का?"

"एकदा बघू दे त्यांना. अर्धा तास तरी बघू दे."

बाळाराम खरंच पहिल्या बाकड्यावर बसला. शेजारी कुंडलिक. बाकी आम्ही सगळे मागे, कुंपणाला टेकून.

आणि त्या पोराने काय खेळ केला. धावला नाही फारसा. मैदानाच्या मधोमध उभा राहून त्याने दहा पोरांना चालवलं. बॉल त्याच्याकडे यायचा तेव्हा त्याची मान आधीच फिरलेली असायची आणि बॉल थांबायच्या आत पुढे गेलेला असायचा, जिथे कुणी नव्हतं तिथे, आणि मग तिथे कुणीतरी पोहोचलेला असायचा. समोरच्या सापगाव संघाच्या तीन-तीन पोरांनी त्याला घेरलं तरी त्यांच्या मधून तो एक साधा, सरळ पास काढायचा आणि ती तिघं एकमेकांकडे बघत राहायची.

बाळाराम पुढे झुकला होता. "कुंडलिक," तो म्हणाला, "हा गोल का मारत नाय ते मला आज समजलं. हा नसला तं कुनीच गोल नाय मारनार."

"मी कधीचा तेच बोलतोय," कुंडलिक म्हणाला, आणि दोघंही हसले.

त्यानंतर थोड्याच वेळात ते झालं. मागून बॉल आला. रूपेश तो घेऊन वळला आणि खाली बसला. कुणी धक्का दिला नव्हता. आजूबाजूला कुणी नव्हतंच.

कुंडलिकच्या तोंडातून सहज निघून गेलं, "असाच पडला व्हता रे. आमच्या खाचरात, असाच."

बाळारामने मान वळवली. "कधी?"

"त्या साली. तुला ताप व्हता, तुझ्या जागेवर आला व्हता ना. पेंढ्या खांद्यावर नि पाय रुतला. मीच उचलला." आणि बाळारामचा चेहरा बघून कुंडलिकचे शब्द हळू झाले. "का रे? तुला... तुला बोलले नाय?"

बाळारामने बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरली. उठायला गेला आणि बसला. बराच वेळ तो मैदानाकडे बघत होता, पण तो आत्ताचं मैदान बघत नव्हता. मग हलक्या आवाजात, कुंडलिकला नव्हे, कुणालाच नव्हे, म्हणाला, "मी 'जाऊ नको' नाय बोललो त्याला. बोलायला पायजे व्हता."

तिकडे दोन पोरं आधार द्यायला धावली होती. रूपेशने त्यांना हाताने थांबवलं. तो आधी डाव्या पायावर उभा राहिला, मग उजवा टेकवला. बापाकडे बघून त्याने हात वर केला. काही झालं नाही, असा. आणि चालायला लागला. सरळ, ताठ, एक पाय दुसऱ्यासारखा टाकत तो मधल्या रेषेवरून मैदानाबाहेर गेला. टाळ्या झाल्या. बाळारामने टाळी वाजवली नाही. तो त्या पायांकडे बघत होता, शाळेच्या कोपऱ्यावरून पोरगा दिसेनासा होईपर्यंत.

कोपऱ्यापलीकडे पाण्याच्या टाकीपाशी पौर्णिमा उभी होती. भिंतीचा आडोसा मिळाला तसा रूपेशने तिच्यासमोरच भिंतीला हात लावला, उजवा पाय उचलून धरला, आणि एकेक हात भिंतीवर पुढे सरकवत, लंगडत फाटकाकडे गेला. तिने त्याला हाक मारली नाही. तो रस्त्याला लागेपर्यंत ती बघत राहिली.