साळूबाईंना उठवलं त्याची गोष्ट

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी महेमूदभाईंनी चार हजार पाचशे रुपयांच्या करारावर सही केली. मस्तगडातलं शिलाईचं दुकान सांभाळून त्यांनी बावीस वर्षांत एकोणचाळीस सिनेमांत हवालदार उभा केला होता. बोलायचं काम हे पहिलंच, तेही तीन वाक्यांचं. जिल्ह्यातल्या कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्षही तेच. गर्दीत उभं राहणाऱ्यालाही दुपारचं जेवण आणि संध्याकाळी रोख मजुरी मिळायची, ती त्यांनी भांडून मिळवलेली.

त्या सिनेमाच्या घनसावंगीजवळच्या शूटिंगचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी, एरवी गर्दीत उभ्या राहणाऱ्या साळूबाईंनी मढ्याचं काम केलं. सिनेमात मेलेल्या माणसाने नंतर कॅमेऱ्यासमोर उठून हसायचं आणि कंपनीने त्याच्या हातावर एकशे एक रुपये ठेवायचे, अशी या धंद्यात रीत आहे. नाहीतर अपशकुन मानतात. त्या दिवशी घाईत ते राहूनच गेलं. महेमूदभाई गणवेश चढवत होते, तेव्हा साळूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, मला उठवलंच न्हाई कुणी. घरी नातवंडं हायेत. अशी मेलेलीच जाऊ का मी?"

प्रॉडक्शन मॅनेजर सोमेश्वर म्हणाला, "चाचा, तिरडी पुन्हा मांडायला अर्धा तास. उजेडबी तेवढाच हाय. त्यांचं हसणं घेतलं तर तुमचा सीन गेला समजा. अन् तुमची संघटना काय मेलेल्यांचीबी हाय का?"

महेमूदभाईंनी संवादाच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. "बिलकुल हाय. वर्गणी भरतात त्या. मांडा."

साळूबाई आडव्या झाल्या, पण हसू काही येईना. तोंड उलट रडवेलं होत चाललं. ऊन उसाच्या शेंड्यावर गेलं. शेवटी महेमूदभाई कॅमेऱ्याशेजारी उकिडवे बसले.

"साळूबाई, उठा जल्दी. शेवटची जीप चालली."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "माझी जागा धरली का?"

"टपावर धरली."

"मंग मी मेलेलीच बरी," म्हणत त्या उठून बसल्या आणि गळ्यातला हार सावरत पोटभर हसल्या.

तोवर उजेड गेला. महेमूदभाईंचा सीन झाला नाही, करारही रद्द झाला. सोमेश्वरजवळ रोकड नव्हती, म्हणून साळूबाईंच्या हातावर कंपनीच्या नावाने महेमूदभाईंनीच पैसे ठेवले.

ते एकशे एक रुपये कंपनीकडून अद्याप येणे आहेत.