बाबांची मधली शिवण

आमचे बाबा अठरा वर्षं सैन्यात होते, पण लढाईची एक गोष्ट त्यांनी घरी सांगितली असेल तर शपथ. विचारलं की म्हणायचे, "मी तंबू शिवायचो. तंबू गळला नाही तर जवान झोपतो. एवढीच माझी लढाई."

पेन्शन घेऊन ते अंबरनाथला आले, शिवमंदिराच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली आणि ताडपत्र्या शिवायला बसले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. अहो, फॅक्टरीत वॉचमनची नोकरी आयती मिळत होती! बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या गेटवर उभं राहायला नाही आलो मी." दोन-तीन वर्षांत उल्हासनगरचे व्यापारी स्वतः शेडवर यायला लागले, आणि भात झाकायला खरवईचे शेतकरीसुद्धा आमचीच ताडपत्री मागायला लागले. हाताखाली पालेगावच्या चार बायका होत्या. नातेवाईक मग गप्प बसले, आणि मला त्याचा अजून आनंद आहे.

आणि हा माणूस सकाळी आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालून मग शेडवर जायचा. आईची सकाळची शाळा असायची, ती शिक्षिका होती. वेण्या अशा करकचून घालायचे, की आमच्या भुवया दिवसभर वर. वर्गात बाई विचारायच्या, "काय गं, एवढं कसलं आश्चर्य वाटतंय?" दुपारी जेवायला घरीच. गिऱ्हाईक बसलेलं असो नाहीतर लॉरी उभी असो, "घरी वाट बघतायत" म्हणायचे आणि सायकलवर टांग मारायचे. सगळ्यांचे बाप असेच असतात असं मला वाटायचं. नसतात, हे बऱ्याच उशिरा कळलं.

शेडवर कायदा एकच होता. तयार ताडपत्री बांबूंवर तिरकी ताणायची, खाली स्टूल ठेवायचं आणि ज्यानं मधली शिवण घातली त्यानं त्या स्टुलावर बसायचं. वरून दहा बादल्या पाणी. मग बसलेल्यानंच बाहेर येऊन सांगायचं, पास की रिजेक्ट. दुसऱ्या कुणी तपासायचं नाही. मधली शिवण नेहमी बाबांची, कारण तिथे कापडाचे दोन पट्टे एकमेकांवर चढतात. वरचा पट्टा उताराकडे पडायला हवा, कौलं पडतात तसा, म्हणून शिवण्याआधी त्या बाजूला खडूची रेघ मारून ठेवायची. उलटा पडला की पाणी सरळ आत. म्हणून खाली बसायचे बाबाच, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते "पास" म्हणाले की व्यापारी घडी उघडूनही बघत नसत. शेडची सगळी पत त्या एका शब्दावर होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझी बी.कॉम.ची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती आणि मी हौसेनं शेडवर जात होते. मे महिना, पत्रे तापलेले. उल्हासनगरचा एक जुना सिंधी व्यापारी लॉरी घेऊन आला होता. चार ताडपत्र्या जायच्या होत्या. तीन पास झाल्या. चौथीवर बादल्या मी ओतल्या.

बाबा बाहेर आले. "पास."

"फौजीभाई ने बोल दिया, चढाओ!" व्यापारी ओरडला.

बाबा वळले आणि मला त्यांची पाठ दिसली. उजव्या खांद्यावर ओला डाग, चांगला तळहाताएवढा.

"थांबा," मी म्हणाले. "बाबा, शर्ट भिजलाय."

"घाम आहे तो."

"घाम काय एकाच खांद्याला येतो?"

माझी जीभ पहिल्यापासून अशीच. पालेगावच्या बायकांच्या माना खाली. त्यातली मोठी पुटपुटली, "अगो, बापाशी अशी बोलतेस?" मी मात्र हटले नाही. बाबा खोटं बोलले असतील, हा विचारच मला सहन होत नव्हता.

ते पुन्हा ताडपत्रीखाली गेले. शिवणीवरून बोटं फिरवत फिरवत एका जागी थांबले.

"इथे उलटी पडलीय." मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "खडूची रेघ दिसली नाही. दिवाळीपासून दिसत नाही. घामच वाटला गं मला."

दिवाळीपासून! सहा महिने हा माणूस नुसत्या बोटांच्या अंदाजानं शिवत होता. मला असा संताप आला! "मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडून इथे येऊन बसली असतीस. म्हटलं, परीक्षा होऊ दे."

मी तेच केलं असतं. हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं, म्हणून मला आणखीच राग आला आणि रडूही आलं.

बाबा लॉरीपाशी गेले. "साईं, ये रिजेक्ट है. कल आना."

"अरे, थोडा सा तो पानी है, कौन देखता है?"

"मेरी बेटी ने देखा ना," बाबा म्हणाले. आवाज अगदी खणखणीत. मग त्यांनी स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवलं. "आजपासून पास-रिजेक्ट तू म्हणायचं."

बाकीच्या तीन मी पुन्हा ताणून घेतल्या, स्वतः खाली बसले. एक थेंब नाही. बाबांचे डोळे तपासले तर मोतीबिंदू निघाला, पुढे ऑपरेशन झालं, नंतर कितीतरी वर्षं ते माझ्या शिवणीतल्या चुका काढत राहिले.

पण त्या दुपारी मी ती चौथी ताडपत्री मांडीवर घेऊन टाका न् टाका उसवत होते. बाबा जेवायला घरी गेले नाहीत. माझ्या शेजारी जमिनीवर बसून दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिले, हाताला लागतील तेवढे.