नळीला लावलेलं तोंड

"तोंड लावलंस नळीला?"

गावचा देशमुख ओरडला तेव्हा त्याच्या मोटारीची पेट्रोलची नळी नुकतीच बसवून झाली होती. नळीत कचरा अडकला की मिस्त्री ती फुंकून काढतो. मीही फुंकली, बसवली, हँडल मारलं. झरीच्या रस्त्यावर सकाळपासून बंद पडलेली मोटार सुरू झाली. आणि मी शिव्या खाल्ल्या.

आम्ही महार. आमचं तोंड लागलं म्हणजे मोटार बाटली.

निजामाचं राज्य होतं. आमच्या भागात मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. मी दोन वर्षं परभणीत एका उस्तादाच्या मोटार कारखान्यात सामान पुसायचो. त्याच आठवड्यात उस्ताद म्हणाले होते, "मिस्त्री बनता क्या? सोंच के बोल. उमर जाती इसमें." बापाला विचारायला म्हणून गावी आलो. बापाचं एकच म्हणणं, "मी थकलो. माज्यामागं गावकी कोन करंल?" गावकी म्हणजे बोलावलं की धावायचं, राबायचं, आणि दारोदार शिळं तुकडं मागायचं. तरी माझं मन डळमळत होतं. खोटं कशाला सांगू? बाप एकटा होता.

त्या दिवशी मोटार ढकलायला बापाला बोलावलं, म्हणून मी सोबत गेलो होतो. मी मोटार कारखान्यात असतो हे कळलं आणि दुरुस्ती माझ्यावर आली.

देशमुखानं चालू मोटार बंद करायला लावली. ड्रायव्हरला पिटाळून घागरभर पाणी आणवलं, त्यात गोमूत्र घातलं. मी म्हणालो, "सरकार, तितं ठिणगी पडती. पानी नगा वतू." कोण ऐकतंय? उघड्या इंजिनावर घागर रिकामी झाली. मोटार शुद्ध झाली. ड्रायव्हरनं हँडल मारलं. पुन्हा मारलं. मोटार ढिम्म.

ठिणगी पडते त्या डबीचं टोपण काढून आतलं पाणी कोरड्या फडक्यानं टिपायचं. एवढंच काम. ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

"लांब हुबा राहून काठीनं दाव," देशमुख म्हणाला. "आता सुद्द झाली, हात लावायचा न्हाई."

मघाशी नळी काढायला ड्रायव्हरनं पाना माझ्यापुढं मातीत टाकला होता. मी वाकून उचलला होता. तेव्हा काही वाटलं नव्हतं, जन्मभर तसंच उचलत आलो होतो. पण कारखान्यात उस्ताद पाना हातात देत. हातातून हातात. काठी पुढं आली आणि मला ते आठवलं.

मी म्हणालो, "हात लावू द्या, करतो. न्हाईतर न्हाई."

बाप हात जोडून पुढं धावला. "लेकरू हाय सरकार, चुकलं." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सांग की रं."

मी सांगितलं नाही.

"मग ढकल म्हाताऱ्या," देशमुख म्हणाला आणि आत जाऊन बसला.

महारवाड्यातले आणखी दोघं आले. बापानं खांदा लावला. मागून ढकलायला विटाळ नव्हता. काळ्या रानातला रस्ता, त्यात चढ. मी जाऊन खांदा लावायला हवा होता का? माझे पाय उचललेच नाहीत. बापानं एकदाच वळून माझ्याकडं पाहिलं. अजून झोपेत ती नजर दिसते.

संध्याकाळी मी त्याच्या सुजलेल्या खांद्याला हळद-तेल चोळत होतो. बाप म्हणाला, "तू तोंड उघडलं असतंस तर माजा खांदा वाचला असता."

खरं होतं. मला रडू फुटलं. त्या खांद्याचा हात पुन्हा कधी त्याच्या डोक्याच्या वर गेला नाही.

आठ दिवसांनी त्याच्या पाया पडलो आणि चालत परभणी गाठली. उस्तादांनी विचारलं, "क्या सोंचा?"

"मिस्त्री होतो," म्हणालो. "पर मातीत टाकलेला पाना उचलनार न्हाई. कुनाचीबी मोटार असू द्या."

ते त्या दिवशी ठरलं ते ठरलं. हातात द्या, नाहीतर मोटार पडू द्या रस्त्यात. मातीतलाच पाना उचलायचा होता, तर बापाचा खांदा कशाला मोडू दिला?