लाँड्रीवाल्याची पँट

शूटिंगचे कपडे शिवणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तोंडात टाचण्या असल्या तरी तिच्या जिभेला विसावा नसे. पण नव्या मालिकेतला प्रसंग ऐकला आणि तिची बोलतीच बंद झाली.

मालिका एका खऱ्याखुऱ्या गुंडावर होती आणि त्यात तोच हिरो! गरिबांचा कैवारी म्हणे. डोंबलाचा कैवारी! दुकानात हत्यारं लपवू दिली नाहीत म्हणून याच मेल्याने मावशीच्या वडिलांना, साध्या लाँड्रीवाल्याला, भर दुपारी गोळी घातली होती. वडील शेवटपर्यंत ताठ उभे होते. दाराशी असलेल्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मालिकेत मात्र लाँड्रीवाला गुंडाचे पाय धरून रडणार होता.

लाँड्रीवाल्याचं काम करणारा म्हातारा नट पँट घालून बघायला आला, तेव्हा मावशीने त्याला सगळं सांगून टाकलं. "आई बघणार हो हे! दिग्दर्शकाला विनवलं, तर म्हणतो, पाय धरल्याशिवाय हिरो मोठा कसा दिसणार?"

नट बिचारा एका दिवसाच्या कामाचा धनी, तो काय बोलणार? त्याने गुडघ्यापाशी पँट चिमटीत धरली. "मावशी, ही सैल होतेय. आवळा."

"अहो, मग वाकता कसं येईल?"

"तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी नट वाकला आणि शिवण टर्रकन उसवली. मावशीने घाईघाईने शिवली. तो पुन्हा वाकला, पुन्हा टर्रर्र! सकाळच्या प्रसंगात हीच पँट दिसली होती, त्यामुळे बदलायचीही सोय नव्हती. दिग्दर्शक मावशीवर खेकसला, नटावर खेकसला. ऊन उतरायला लागलं तसा तो रडकुंडीला आला. "रडणं-बिडणं राहू द्या, उभ्यानेच मरा एकदाचे!"

नट उभा राहिला. नुसतं बघत राहिला. हिरोसुद्धा क्षणभर गांगरला.

नंतर मावशी भरल्या डोळ्यांनी नटाच्या पाया पडायला वाकली. तो झटकन मागे सरला. "छे छे! आज कुणीच कुणाचे पाय धरायचे नाहीत."

तो भाग लागला तेव्हा आईने मावशीचा हात घट्ट धरला होता. गोळी सुटली, लाँड्रीवाला कोसळला. आईने पदराने डोळे पुसले.

"त्या माणसाला घरी जेवायला बोलाव गं. अगदी ह्यांच्यासारखा उभा राहिला."