बोलावणं केलेली निर्गुडी

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पदरात घ्याव्यात. माझी शाळा लवकर सुटली, भारी शब्द मला येत नाहीत. चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून लिहितो. टेंभी नाक्यावर आबा वैद्यांच्या ओटीवर मी औषधं कुटतो. तिथे दिवसभर पाला साठतो, तसे किस्सेही साठतात. पाला निदान वाळतो तरी!

*

आबांची एक रीत आहे. उद्या निर्गुडीचा पाला हवा, तर आज संध्याकाळी नौपाड्याच्या ओढ्याकाठी झुडपापाशी जायचं. हळदकुंकू, अक्षता वाहायच्या आणि रोग्याचं नाव सांगून बोलावणं करायचं. सकाळी तोंड न उघडता जाऊन पाला खुडायचा.

गुडघ्याला लेप मागायला आलेले कचेरीतले एक कारकून हसले. "झाडाला बोलावणं? मग जेवायला काय वाढता?"

आबा म्हणाले, "ते रोग्यावर आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा!"

कारकून नाव न सांगताच गेले. लंगडत, पण भरभर!

*

माझ्या आईचे गुडघे सुजून नारळाएवढे झालेले. सरकारी ठेक्याच्या दुकानातली अफू घ्यायची आणि पडून राहायचं, एवढंच तिचं उरलं होतं. माझा थोरला भाऊ विठू तिला पाठीवर बसवून देवळात न्यायचा. तो वारला. अफू घेतली की ती मलाच विठू म्हणे. "विठू, चल ना रे, आरती सुरू होईल!" सदू नावाचाही एक मुलगा आपल्याला आहे, हे ती विसरत चाललेली.

मी आबांना विचारलं, "पण अफूनं दुखणं थांबतं ना?"

"छे रे! दुखणं जागंच असतं. आईच तेवढी घरात नसते."

निर्गुडीनं सूज उतरेल, पण हळूहळू, असं ते म्हणाले. आणि अफूची डबी आधी सुटली पाहिजे, ही त्यांची अट. आई डबी उशाखालून काढू देईना.

*

पाला आणायचं काम आबांच्या जुन्या गड्याचं, गोपाळदादाचं. एकदा तो स्टेशनावरच्या एका हमालासाठी बोलावणं करून आला, आणि उजाडायच्या आत हमाल वारला. गोपाळदादा सकाळी गेलाच नाही. "मेलेल्याला कसला लेप!"

दुपारी हमालाची बायको ओटीवर आली. पदरात निर्गुडीचं झुडूप, ओलं, मुळांसकट, कुंकू लावलेलं. "हे आमच्या दारात कुणी ठेवलं?"

गोपाळदादा म्हणाला, "कुत्र्यानं ओढत आणलं असेल, वहिनी."

आबांनी चष्मा पुसला. "गोपाळ, त्याचं नाव तू झाडाला सांगितलं होतंस की कुत्र्याला?"

*

पुढच्या खेपेला गोपाळदादा दुसऱ्या झुडपाचा पाला खुडत होता, तेव्हा पाठीमागून कुणी विचारलं, "माझा राहिला ना रे?" आवाज त्या हमालाचा! गोपाळदादानं मान वळवली नाही, तोंड उघडलं नाही. ओटीवर पोचल्यावरही उघडेना. आबा म्हणाले, "बोल आता, चालतं."

"आबा," तो म्हणाला, "उद्यापासून मी फक्त सुंठ आणीन. दुकानातून!"

*

म्हणून आईच्या लेपासाठी मलाच जावं लागलं. निघताना मी तिला म्हटलं, "आई, आज डबी उघडू नकोस गं."

भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "विठू सांगेल तर नाही उघडणार."

दिवस मावळायला आला होता. झाडापुढे मोठ्यानं आईचं नाव घ्यायचं, म्हणून वाटभर मी ते मनात घोकत गेलो. झुडपापाशी पोचलो, तर त्यावर हळदकुंकू आधीच वाहिलेलं. ओलं.

मी तसाच पळत घरी आलो. आई उठून बसली होती. डबी दोऱ्यानं बांधलेली, तशीच. आणि जिला उंबरा ओलांडता येत नव्हता, तिची बोटं हळदीनं पिवळी!

"सदू," ती म्हणाली. किती दिवसांनी माझं नाव! "विठू आला होता रे. पाठीवर घेऊन गेला मला. झाडाला माझं नाव मीच सांगितलं."

"आणि डबी?"

"अफू सोड म्हणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड मिटून ओढ्यावर गेलो. पाला खुडताना पाठीमागून विठूनं मला हाक मारली, लहानपणी मारायचा तशीच. मी पाला पंच्यात बांधला, ओ न देता घरी आलो, आणि आईच्या समोर पाट्यावर वाटायला बसलो.