नैवेद्याची वाटी आणि सोळा-बाराचं दार

हिंमतराव काळमेघ गेल्या वैशाखात बॉयलरच्या दारात अडकले. डोकं, हात, खांदे आत; पाय बाहेर; आणि पोट बरोब्बर उंबऱ्यावर. पुढं सरकता येईना, मागं येता येईना. चांगला पाऊण तास ते तसेच होते.

हे दार म्हणजे नुसतं एक अंडाकृती भोक. साखर कारखान्याचं गाळप संपलं, की उन्हाळ्यात बॉयलर थंड करून दुरुस्तीला काढतात. त्याच्या माथ्यावर एक लांबलचक पोलादी ड्रम आडवा बसवलेला असतो. त्यात शिरायला हे भोक, सोळा इंच लांब आणि बारा इंच रुंद. आधी दोन्ही हात घालायचे, मग एक खांदा, मग दुसरा, मग उरलेला देह. आत गेलं की शेकडो नळ्यांच्या तोंडांवर हातोडीनं टिचकी मारत आवाज ऐकायचा. धडधाकट नळी टणकन बोलते, आजारी नळी बद्द बोलते. बाहेर राखणीला एक माणूस उभा असतो. सगळं ठीक असलं, की आतून तीन ठोके द्यायचे, म्हणजे बाहेरच्याचा जीव भांड्यात पडतो.

हिंमतराव हे काम सत्तावीस वर्षं करत होते. वर्धेकडच्या खेड्यातून बाविसाव्या वर्षी ते पुण्यात आले, तेव्हा अंगावर मांस असं नव्हतंच. "या काडीला सारा आत," म्हणून कुणीतरी त्यांना पहिल्यांदा ड्रममध्ये घातलं, आणि त्या काडीला कान आहे हे कळलं. कोल्हापूरपासून लातूरपर्यंत कारखान्यांमध्ये 'ड्रमवाले काळमेघ' म्हटलं की पुरे.

काडीचा ओंडका केला तो उन्हाळी दौऱ्यांनी. फाल्गुन सरला की हिंमतराव घराबाहेर. एस.टी.च्या थांब्यावर भजी, कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर भरलं ताट, एका साहेबाकडं आमरस तर दुसऱ्याकडं पुरणपोळी. पाहुण्यानं 'नको' म्हटलं की वाढणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि पडलेला चेहरा हिंमतरावांना बघवत नसे. नळीचं दुखणं ओळखणाऱ्या माणसाला 'पुरे' हा शब्द मात्र उभ्या जन्मात जमला नाही.

त्या दिवशी त्यांना बाहेर काढलं भैरूनं. पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पुढं असलेल्या या कारखान्यातला हा जुना फिटर. भटारखान्यातून गोडतेलाचा डबा आणून त्यानं दाराच्या कडेनं तेल सोडलं आणि ओरडून सांगू लागला, "साहेब, श्वास सोडा! आणखी सोडा! आता जेवणाचा इचार बी सोडा!"

चौघांनी पाय धरून ओढलं. हिंमतराव बाहेर आले ते तेलात माखलेले, लालबुंद, आणि हसणाऱ्या वीस माणसांच्या समोर. ते स्वतःही हसले. पण बसमध्ये खिडकीशी बसल्यावर सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं. आत, पोटाला पोलाद लागलेलं असताना, एका क्षणी त्यांना वाटलं होतं की आपण संपलो.

त्यांच्या कंपनीचं वर्कशॉप मांजरीला. मालकांचा मुलगा दिग्विजय नुकताच कारभार बघू लागला होता. पोरगा उद्धट नव्हता, सरळ होता, आणि तेच जास्त लागलं.

"काका, रागावू नका. पुढच्या उन्हाळ्यात त्याच ड्रमवर एक चान्स देतो. आत गेलात, तर काम तुमचं. नाही गेलात, तर स्टोअरची खुर्ची तुमची. मी काठीवरचा कॅमेरा मागवतोय. कॅमेऱ्याला पोट नसतं."

हिंमतराव उठले. त्यांनी वर्कशॉपमध्ये एक प्लायवुडचा तुकडा घेतला, त्यात सोळा-बाराचं भोक कापलं आणि तो काखेत मारून खडकीला घरी निघाले. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "हे काय?"

"दार आहे. यातून जायचंय मला."

कंडक्टरनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा हिंमतरावांकडं. "आत्ता जाऊन दाखवा, तिकीट माफ."

ते प्लायवुड खडकीच्या दोन खोल्यांमध्ये, स्वयंपाकघर आणि देवघराच्या मधल्या बोळकांडीत उभं राहिलं. कौशल्याबाई त्याला रोज फडक्यानं पुसत. पावसाळा आणि हिवाळा हिंमतराव घरी होते, आणि घरी असलेला नवरा बायकोच्या हातात असतो. भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण. पाडव्याच्या दिवशी श्वास रोखून, मागून कौशल्याबाईंनी ढकलून का होईना, पण हिंमतराव त्या प्लायवुडमधून पलीकडं गेले. घरात गुढीइतकाच आनंद झाला.

"आता दौरा," कौशल्याबाई म्हणाल्या. "तिथं मी नाही जी."

"मी तोड काढली आहे," हिंमतराव म्हणाले. "सरळ सांगायचं, उपवास आहे. देवीचं व्रत म्हटल्यावर कोण आग्रह करतंय?"

तोड मोठी अक्कलहुशारीची वाटली. सोलापूरकडच्या एका कारखान्यावर अकरा दिवसांचा मुक्काम होता. गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकीण द्वारकाबाई ताट घेऊन आल्या, तेव्हा हिंमतरावांनी हात जोडले. "माफ करा, मला उपवास आहे."

द्वारकाबाईंचा चेहरा पडला नाही, उलट उजळला. "अगोबाई, आधी सांगायचं की! उपाशी कसं ठेवीन मी पाहुण्याला?"

अर्ध्या तासात तुपातली साबुदाण्याची खिचडी आली. मागून बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा. संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू आणि केळ्यांचं शिकरण. व्रताचं म्हणून जास्त मायेनं आणि व्रताचं म्हणून मागे न घेता येणारं. अकरा दिवस. शिवाय बेचाळीस अंशांच्या उन्हात गेस्ट हाऊसपासून बॉयलरपर्यंतसुद्धा जीपच येई, उपाशी माणसाला चालवायचं कसं म्हणून.

घरी आल्यावर प्लायवुडपाशी परीक्षा झाली. खांदे गेले. पोट अडलं. ढकलूनही अडलं.

मुलगी श्रद्धा हिंजवडीच्या कंपनीतून नुकतीच आली होती, गळ्यातलं कार्डही काढलं नव्हतं. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, हा उपवास होता की वेट गेनचा कोर्स?"

"एकादशी आणि दुप्पट खाशी," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. त्यांना हसू येत होतं, पण नवरा प्लायवुडमध्ये अर्धा अडकून गप्प बसलाय हे दिसल्यावर हसू जागच्या जागी थांबलं. हिंमतराव जमिनीकडं बघत म्हणाले, "कौशल्ये, स्टोअरची खुर्ची म्हणजे काय असतं माहीत आहे? नटबोल्ट मोजायचे. दिवसभर. तिथं कानाचं काही काम नाही."

 दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर कौशल्याबाई देवघरासमोरून उठल्याच नाहीत बराच वेळ. मग उठल्या त्या हातात नैवेद्याची पितळी वाटी घेऊन. चिंचेनं घासून सोन्यासारखी केलेली, तळहातात मावेल एवढी. सासूबाईंनी लग्नानंतर त्यांच्या हाती दिलेली ती वाटी. माहूरच्या देवीचा नैवेद्य तीस वर्षं त्याच वाटीतून गेला होता.

"ही घेऊन जा."

"आणि देवीला?"

"देवीला मी पानावर दाखवीन. तिला विचारलं मी. ती नाही म्हणाली नाही." त्यांनी वाटी नवऱ्याच्या हातात ठेवली. "कुणाला नको म्हणू नका. तुम्हाला ते जमतच नाही. फक्त ही पुढं करायची. जे असेल ते यात, एकदाच. सोबत अर्धी भाकरी. ताक हवं तेवढं प्या, उन्हाचं अंगाला पाणी पाहिजे. आणि दुपारसाठी हे सातूचं पीठ. पाण्यात कालवा, गुळाचा खडा टाका, झालं. वडाभजीच्या गाडीकडं बघू नका."

"आणि चालायचं?" श्रद्धानं विचारलं. "बाबा जीपमध्ये बसतात ना."

"जिथं मुक्काम, तिथल्या गावदेवाला उन्हं व्हायच्या आत एकवीस प्रदक्षिणा. देवळाला जीप जात नाही."

आठवड्याभरानं हिंमतराव पुन्हा सोलापूरकडं गेले, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायला. द्वारकाबाई आंब्याची डाळ, मसालेभात आणि गव्हाची खीर घेऊन सज्ज. हिंमतरावांनी ताटाच्या बाजूला पितळी वाटी ठेवली.

"हे काय, भाऊ?"

"देवीच्या नैवेद्याची वाटी आहे. घरच्यांनी दिली. यात जे पडेल ते माझं जेवण."

द्वारकाबाईंनी आधी पदर खांद्यावरून घेतला, मग वाटी कपाळाला लावली. आग्रह करणारी बाई देवाच्या भांड्यापुढं एकदम नरम झाली. पण हातची सवय कुठं जाते? त्यांनी मसालेभात दाबून भरला आणि वर असा डोंगर रचला की वाटी दिसेनाशी झाली.

"बाई, कळस देवळावर शोभतो," हिंमतराव म्हणाले.

द्वारकाबाई खळखळून हसल्या आणि त्यांनी बोटानं डोंगर सपाट केला. "आणि दुसऱ्यांदा किती वाढू?"

"देवीला दुसऱ्यांदा वाढतो का आपण?"

द्वारकाबाईंनी पळी पातेल्यात परत ठेवली. त्या दिवसापासून त्या वाटी भरत ती जपून, काठाला एक शितही न लागू देता. आणि वाटीभर भाजी चांगली व्हावी म्हणून त्यांचा सारा जीव तेवढ्यातच ओतला. तसली चव हिंमतरावांनी भरल्या ताटात कधी चाखली नव्हती.

पहाटे ते मारुतीच्या देवळाभोवती फिरत. पहिल्या दिवशी सहाव्या फेरीला दम लागला, देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी उरलेल्या पंधरा फेऱ्यांची मारुतीकडं मुदत मागितली. संध्याकाळी जाऊन त्या पुऱ्या केल्या. पुढं सांगलीकडं भैरोबाला, नगरच्या बाजूला खंडोबाला फेऱ्या झाल्या. जीपवाले हॉर्न वाजवत. हिंमतराव डोक्याला ओला पंचा गुंडाळून चालत कारखान्यात पोचत. दुपारी झाडाखाली सातूचं पीठ कालवलं, की सोबतचे फिटर आधी नाक मुरडत, मग ओंजळ पुढं करत. पूर्वी जेवणानंतर डुलकी लागायची ती बंद झाली. विजारीला आता दोरी लागू लागली, आणि ज्येष्ठाच्या सुरुवातीला ते घरी आले, तेव्हा कौशल्याबाई ढकलायला येण्याआधीच त्यांनी प्लायवुडच्या पलीकडून चहा मागितला.

मग उजाडला तो मांजरीपलीकडं जायचा दिवस. तोच कारखाना, तोच ड्रम. दिग्विजय स्वतः आला होता, कॅमेरा घेऊन. त्यानं तो काठीनं आत सरकवून अख्खा ड्रम पडद्यावर पाहिला. "नळ्या ओके दिसताहेत, काका. तरी शब्द दिला होता, म्हणून थांबलोय."

भैरू दाराशी तेलाचा डबा घेऊन उभा. "साहेब, येवस्था हाय तयार. औंदा चार मानसं बी सांगून ठेवलीत."

हिंमतरावांनी नारळ फोडला, ड्रमला हात लावून नमस्कार केला. दोन्ही हात आत घातले. डोकं. डावा खांदा. उजवा खांदा. आणि पोट दारापाशी आलं, तशी गेल्या वर्षीची ती भीती अंगावर चालून आली. पोलाद कमरेला लागलं. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढं ती वाटी आली, सपाट भरलेली, काठ कोरडा. त्यांनी श्वास सोडला आणि पायानं रेटा दिला.

कंबर काठाला जेमतेम घासली, आणि हिंमतराव आत होते.

बाहेर भैरू वाट पाहत राहिला. मग आतून पोलादावर तीन ठोके आले. ठण्, ठण्, ठण्. भैरूनं डबा खाली ठेवला आणि मोठ्यानं ओरडला, "गेलं! आमचं साहेब गेलं आत!" खाली मशिनवरची माणसं धावून आली, त्यांना वाटलं अपघात झाला. भैरूला दोन शिव्या बसल्या, पण त्याचं तोंड काही मिटेना.

आत हिंमतराव दिव्याच्या उजेडात रांगत होते. अंग भट्टीसारखं तापलं होतं, आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटत होतं. टण्, टण्, टण्. ओळीमागून ओळ. अन् सातव्या ओळीत एक नळी बद्द बोलली. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. बद्द. खडूनं तिच्यावर फुली मारली.

बाहेर आले, तेव्हा दिग्विजयनं पाण्याचा तांब्या दिला. "काका, फुली कसली? कॅमेऱ्यात तर..."

"कॅमेऱ्याला पोट नसतं, बरोबर आहे," हिंमतराव पाणी पिऊन म्हणाले. "कानही नसतो. सातवी ओळ, डावीकडून चौथी. काढून बघा."

नळी कापून काढली. आतल्या अंगाला केसाएवढी भेग, बोटभर लांब. दिग्विजयनं ती उन्हात धरून कितीतरी वेळ पाहिली. मग काठीवरचा कॅमेरा गुंडाळत म्हणाला, "काका, पुढच्या सीझनला कुणालातरी हातोडी ऐकायला शिकवा. आणि स्टोअरची खुर्ची मी दुसऱ्याला देतो."

"द्या. तिला हात असतात, मला फार घट्ट होईल."

संध्याकाळी खडकीत हिंमतरावांनी बेल वाजवली नाही. दारावर बोटांनी तीन ठोके दिले.

कौशल्याबाईंनी दार उघडलं आणि हात पुढं केला. हिंमतरावांनी पिशवीतून वाटी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती घासली, पुसली, तिच्यात ताजा साखरभात भरला आणि देवीपुढं ठेवला. बऱ्याच दिवसांनी देवीला पुन्हा तिची वाटी मिळाली.

आरती झाली. श्रद्धानं प्लायवुडकडं बोट दाखवलं. "आई, आता हे भंगारात द्यायचं ना?"

"राहू दे गं," नैवेद्याची वाटी नवऱ्यापुढं सरकवत कौशल्याबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी उन्हाळा येणारच आहे."

हिंमतरावांनी वाटी संपवली. आणि उठून, एकवीस फेऱ्यांसाठी चपला घातल्या.